सरांना कोण विचारणार?

रक्तपेढीत रक्त द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई सत्तावीस प्रश्न विचारत. हेडसरांना एकही विचारत नसत. यात काही चुकतंय असं त्या सोमवारी सकाळपर्यंत कुणीही म्हटलं नसतं, आणि म्हटलं असतं तर पेढीतल्या नानांनी त्याला वेड्यात काढलं असतं. सर दर तीन महिन्यांनी दहाच्या ठोक्याला दारात हजर. पाठीमागे सगळे त्यांना 'घड्याळराव' म्हणत. छडी न उगारता निम्म्या शहराला शिस्त लावलेला माणूस! रक्त तपासणाऱ्या नानांचा मुलगा त्यांच्याच शाळेतून गेलेला. "सरांनी गाढवाचा माणूस केला," असं नाना येता-जाता सांगत, मुलगा समोर उभा असला तरी सांगत.

सत्तावीसातले पहिले प्रश्न सोपे असतात. खाल्लंय का, झोप झाली का, गेल्या पंधरा दिवसांत ताप येऊन गेला का. एकोणिसाव्यापासून जरा अवघड वळण लागतं. जोडीदाराखेरीज कुणाशी संबंध आला का, दुसऱ्याने वापरलेली सुई टोचून घेतली का, वगैरे. कॉलेजातल्या पोरांना हे विचारताना ताईंचा आवाज तसूभरही खाली येत नसे. पण हेडसरांना? फार वर्षांपूर्वी त्या एकदा एकोणिसाव्या प्रश्नाशी पोचल्या होत्या. सरांचे कान लाल झाले, मग ताईंचेही झाले, आणि दोघंही पंख्याकडे बघत बसले. त्या दिवसापासून ताई त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारता मारता 'नाही'च्या रकान्यात भराभर खुणा करत आणि सर खाली सही ठोकत. भीड भिकेची बहीण म्हणतात. ताईंची भीड मात्र आदराचं नाव लावून मिरवत होती.

त्या सोमवारी तर कहरच झाला. सरांचं ते पंचाहत्तरावं रक्तदान. फोटोवाला बोलावलेला, फुलांचा गुच्छ आलेला, प्रमाणपत्र चौकटीत बसवून तयार. सरांचा खोळंबा नको म्हणून ताईंनी अर्ज आदल्या शनिवारीच भरून ठेवला होता. सत्तावीसच्या सत्तावीस खुणा जागच्या जागी. माणूस यायच्या आधीच माणसाची उत्तरं तयार!

सर आले, आडवे झाले, पिशवी भरली. ओ निगेटिव्ह. हा गट शंभरात चार-पाच जणांकडेही सापडत नाही, म्हणून नाना त्या पिशवीला 'सोन्याची पिशवी' म्हणत. ती त्या दिवशी खरोखरच सोन्याची होती, कारण वरच्या मजल्यावरच्या रुग्णालयात एक बाई तिचीच वाट बघत होती. गर्भाशयातल्या गाठीपायी महिनोन् महिने अंगावरून जाऊन ती पांढरीफटक पडली होती. ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं. आज तीन वाजता नक्की होतं, आणि तिचा नवरा सकाळपासून पेढीच्या खिडकीशी चिठ्ठी घेऊन उभा होता.

"आलं का हो रक्त?" तो दर पंधरा मिनिटांनी विचारी.

"आलं, आलं. तपासून झालं की मिळेल," नाना सांगत. "जरा बसा की राव, पाय दुखतील."

रक्त दिल्यावर चहा-बिस्किटं घ्यायची पेढीची रीत. ताईंनी स्वतः कप आणून सरांसमोर ठेवला. सरांनी तो ओठांना लावला आणि झटक्यात खाली ठेवला. डोळ्यांत टचकन पाणी.

"काय झालं? फार गरम आहे का?"

"नाही, नाही. तोंड आलंय जरा. झोंबतं." सर हसले. "बायको घरी नाही ना. स्वतःच्या हातचं खाऊन तोंड यायचंच."

ताईही हसल्या. सरांच्या घरून वहिनी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, हे त्यांना मघाच्याच गप्पांतून कळलं होतं. त्या गार पाणी आणायला वळल्या. परत आल्या तेव्हा सर मान तिरकी करून जबड्याखाली बोटांनी चाचपत होते, दुखणारा दात चाचपावा तसे. कॉलरचं वरचं बटण उघडं होतं. गळ्याखाली फिकट गुलाबी ठिपके दिसत होते, मावळत आलेले.

"गोवर आला की काय या वयात?" ताईंनी थट्टा केली. थट्टाच होती ती.

"उष्णता असेल. ताप येऊन गेला ना मध्ये. चांगला सणसणीत आला होता. घसा तर असा बसला, की शाळेत पोरं खूश! सर ओरडू शकत नाहीत म्हणून."

"कधी हो?"

"झाले असतील दहा-बारा दिवस."

ताईंनी हातातला पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात एक बारीक चणीची डॉक्टरीणबाई शिकवायला आली होती. बोलताना टेबलावर चापट्या मारायची. "एचआयव्हीची लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी बऱ्याच जणांना ताप येतो," ती म्हणाली होती. "घसा, अंगावर पुरळ, तोंडात फोड, मानेत गाठी. दिसायला साधा फ्लू! घरच्या घरी बरा होतो आणि माणूस विसरून जातो. आणि तुमची ती झटपट चाचणी काय शोधते? विषाणू नाही शोधत. विषाणूशी लढायला शरीर जी द्रव्यं बनवतं, ती शोधते. ती बनायला वेळ लागतो. तोवर कागदावर निगेटिव्ह आणि रक्तात विषाणूंचा महापूर. त्या दिवसांत तुम्हाला वाचवील ती चाचणी नाही. विचारपूस वाचवील." आणि चापट.

ताप, घसा, पुरळ, तोंड, गाठी. ताईंनी मनातल्या मनात पाचही बोटं मिटली. लगेच स्वतःलाच फटकारलं. काय भलतंसलतं! ताप कुणाला येत नाही? हेडसर हे! साप साप म्हणून भुई धोपटायची, दुसरं काय!

पण मूठ उघडेना.

"सर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. एकोणिसावा प्रश्न जिभेच्या टोकाशी येऊन बसला होता. समोर गुच्छ, बाजूला फोटोवाला, दारात नाना टाळ्या वाजवायच्या तयारीत.

"बोला ना ताई."

"काही नाही. गार दूध घ्या. तोंडाला बरं वाटेल."

सर गुच्छ आणि चौकट सांभाळत निघून गेले. ताई तशाच उभ्या राहिल्या. स्वतःचा इतका राग त्यांना बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

साडेबाराला नानांनी निकाल सांगितला. कावीळ नाही, हिवताप नाही, गुप्तरोग नाही, एचआयव्ही निगेटिव्ह. "एकदम चोख माल," असं म्हणत त्यांनी पिशवीवर हिरवी चिठ्ठी डकवली. हिरवी चिठ्ठी म्हणजे पिशवी द्यायला मोकळी. वरच्या बाईच्या रक्ताशी जुळवून पाहिलं, तेही जुळलं. खिडकीशी नवरा हात पुढे करून उभाच होता.

"नाना, थांबा. ती पिशवी देऊ नका."

"आँ?"

ताईंनी त्यांना आत नेलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. नानांचा चेहरा आधी हसरा होता, मग रागीट झाला, मग नुसताच म्हातारा दिसायला लागला.

"कुणाबद्दल बोलताय, कळतंय का ताई?"

"कळतंय."

"तोंड माझंही येतं. उन्हाळ्यात तर दर आठवड्याला येतं."

"तुम्हाला ताप आला होता? पुरळ आलं होतं? मानेत गाठी आहेत? एकेक असतं तर मीही सोडून दिलं असतं. सगळं एकदम आहे, नाना, आणि मी त्यांना काही म्हणजे काही विचारलेलं नाही."

नानांनी अर्ज उचलला. तिसरी ओळ. गेल्या पंधरा दिवसांत ताप? 'नाही'. ताईंच्या हातची खूण, ठसठशीत.

"अर्ज तुमच्या अक्षरात आहे," ते हळूच म्हणाले. "हे वर गेलं तर तुमची नोकरी जाईल. सहा वर्षं राहिलीयत ना अजून?" मग त्यांनी दाराकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "हे बघा. पिशवी फुटते कधीकधी. माझ्या हातून पडली म्हणून नोंद करतो. मला कोण बोलणार, मी चार महिन्यांत घरी जातोय. वरच्या बाईला दुसरीकडून रक्त मागवू. सरांच्या अब्रूला धक्का नाही, तुमच्या नोकरीला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ताईंचा जीव खरोखर त्या बोलण्याकडे ओढला गेला. खोटं कशाला सांगा! किती सोपं होतं. एक पिशवी फरशीवर पडायची, पुसून घ्यायचं आणि घरी जायचं. वरची बाई वाचली असती. कुणाचंही काही बिघडलं नसतं.

"आणि सर?" त्या म्हणाल्या.

"सरांचं काय?"

"चाचणी निगेटिव्ह आहे. म्हणजे आपण त्यांना काहीच कळवणार नाही. ते आपले निश्चिंत. आणि आत खरंच काही असलं तर? दोन-चार वर्षांनी अंथरुणाला खिळले की मग कळणार? आणि तोवर वहिनी?"

नानांनी अर्ज टेबलावर ठेवला.

"पिशवी फोडली तर पुढची तपासणी कशाच्या नावावर मागायची, नाना? संशय कागदावर आला तरच नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जाईल. तिथे खुद्द विषाणू शोधतात. आणि संशय कागदावर आला, की मी विचारलं नव्हतं हेही कागदावर येणार."

बाहेरून खिडकीवर टकटक झाली. "अहो, एक वाजला! झालं का?"

ताईंनी पिशवी उचलली. अजून कोमट होती की त्यांना तसं वाटलं, कोण जाणे. त्या मागच्या दाराने निघून साहेबांच्या खोलीकडे चालू लागल्या. पेढीचे प्रमुख डॉक्टर ते. माणूस वाईट नव्हता, पण तापला की समोरच्याचं वय बघत नसे.

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पेन टेबलावर आपटलं.

"तोंड आलंय म्हणून तुम्ही एका हेडमास्तरावर एचआयव्हीचा संशय घेताय? उद्या बाहेर कळलं तर पेढीत कुत्रं फिरकणार नाही! वर पेशंट टेबलावर घ्यायची वेळ झालीय. दुसरी पिशवी शहरात नाही. चाचणी निगेटिव्ह आहे. आणखी काय पाहिजे?"

"दहा-बारा दिवसांपूर्वी ताप होता, साहेब. नियमाने ते रक्त घ्यायलाच नको होतं."

"मग घेतलं कसं? अर्जावर तर ताप नाही म्हणून लिहिलंय."

"ते मी लिहिलंय."

"त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलंत ना?"

इथे अजूनही एक पळवाट होती. 'हो' म्हटलं असतं की संपलं. सर खोटे ठरले असते आणि ताई खऱ्या. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट धरले.

"नाही. मी विचारलंच नाही. आजच नाही, कित्येक वर्षांत विचारलेलं नाही. लाज वाटायची. अर्ज शनिवारी भरून ठेवला होता."

 साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी पिशवी ओढून घेतली, हिरवी चिठ्ठी खरवडून काढली आणि फोन उचलला. आधी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना. मग दोन तासांवरच्या मोठ्या पेढीला. मग प्रयोगशाळेला. शेवटचा फोन ठेवून म्हणाले, "पिशवी वेगळी ठेवा, कुलपात. नमुना आजच जाऊ दे. त्यांनी मागच्या वेळी दिलेलं रक्त कुणाला गेलं तेही काढा. आणि तुम्ही काय केलंत ते मला लेखी पाहिजे. सगळं. तुमच्या अक्षरात."

खिडकीशी जायचं काम कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. ताईच गेल्या. आज तीन वाजता होणार नाही, रक्त बाहेरगावाहून येतंय, संध्याकाळ होईल.

"सकाळी तर आलं म्हणालात!" नवरा ओरडलाच. "तिला काल रात्रीपासून पाण्याचा थेंब दिलेला नाही! तिसऱ्यांदा ढकलताय तुम्ही! तुमच्या घरचं माणूस असतं तर असं केलं असतंत?"

"माझ्या घरचं माणूस असतं तरी मी ते रक्त देऊ दिलं नसतं," ताई म्हणाल्या. यापेक्षा जास्त बोलायची सोय नव्हती. त्याने काउंटरवर मूठ आपटली, शिव्या दिल्या, मग तिथेच बाकावर बसून रडला. ताई खिडकीतून हलल्या नाहीत. त्यांना ते ऐकून घ्यावंसं वाटत होतं. सहाला गाडी आली, सातला बाईला आत घेतलं. नऊ वाजता नानांनी फोन करून सांगितलं की ती ठीक आहे. तोवर ताईंनी घरी पोळीचा एक तुकडाही तोंडात घातला नव्हता.

मंगळवार संपता संपेना. आपण चुकलो असू दे, असं त्या दिवसभर मनात घोकत राहिल्या. नोकरी जाऊ दे, सर जन्मात आपलं तोंड न बघोत, सगळ्या शहराने हसू दे. पण ते फोड साध्या उष्णतेचे निघू देत. मागची पिशवी तीन महिन्यांपूर्वीची होती. ज्याला ती दिली होती तो माणूस सापडला, त्याचं रक्त तपासलं, ठणठणीत निघालं. त्यावर ताईंनी आशेचा केवढा तरी इमला चढवला.

बुधवारी दुपारी निकाल आला. साहेबांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. ताई चुकल्या नव्हत्या.

"मी सांगतो त्यांना," साहेब म्हणाले.

"नको. मी बोलावते. माझंच काम आहे ते."

सर चार वाजता आले. शाळेतून थेट, शर्टाच्या खिशाला खडूची पांढरी पूड. ताईंनी खोलीचं दार लावलं आणि खुर्ची टेबलाच्या पलीकडे न ठेवता त्यांच्याजवळ ओढली. गोलगोल बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं.

"सर, तुमच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू सापडलाय. लागण अगदी नवी आहे, महिन्याभरातली. पक्कं करायला आणखी एक तपासणी होईल. पण तुम्ही वेळेत सापडलाय. रोज गोळी घ्यायची, न चुकता. नीट घेणारी माणसं भरपूर जगतात, नोकरी करतात, म्हातारी होतात."

 सरांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं.

"ती पिशवी?" त्यांनी विचारलं. "कुणाला दिलीत?"

"नाही दिली. अडवली."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. निम्मं शहर ज्यांच्या नुसत्या नजरेला दबून असे, ते हेडसर शाळेतल्या पोरासारखे हुंदके देत होते. ताईंना त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि या वेळी त्यांनी भीड धरली नाही. ठेवला.

"मला माफ करा, सर," त्या म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर सोमवारी एवढं झालंच नसतं."

सरांनी मान हलवली. रुमाल काढला, नाक पुसलं.

"माफी कसली मागता? तुम्ही विचारणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तर आलो."

ताईंना क्षणभर समजलंच नाही.

"प्रशिक्षणाला गेलो होतो ना बाहेरगावी. तिथे एकदा... एकदाच. मग पंधरा दिवसांनी तो ताप. डोक्यात भुंगा शिरला, ताई. तपासायला कुठे जाणार? जिथे जावं तिथे माझा एखादा विद्यार्थी खुर्चीवर बसलेला. मग म्हटलं, रक्तपेढी आहे. तिथे प्रत्येक पिशवी तपासतात. काही निघालं तर गुपचूप फोन करतात. आणि मला तिथे कुणी काही विचारत नाही." ते थांबले. "फोन नाही आला, तर आपण सुटलो. असं धरून चाललो होतो."

ताईंच्या डोळ्यांपुढे नानांच्या हातातली पिशवी आली. ती फरशीवर पडली असती, तर हा फोन गेलाच नसता.

"किती दिवस वाट बघणार होतात?" त्यांनी विचारलं. 

"शुक्रवारपर्यंत," सर म्हणाले. "शुक्रवारी ती घरी येतेय."